नाशिकची वाइन : एकाच दाराची द्राक्षे

जानेवारी उजाडला की नाशिक जिल्ह्यातील द्राक्षमळ्यांत दोन निराळ्या प्रकारच्या तोडण्या सुरू होतात. एक तोडणी खाण्याच्या द्राक्षांची. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश अशा बिनबियांच्या जातींचे लांबट, टपोरे घड जपून कापायचे, निवडायचे आणि खोक्यांत भरायचे. दुसरी तोडणी वाइनच्या द्राक्षांची. शिराझ, काबर्ने, शेनँ ब्लां, सोव्हिन्यो ब्लां ही त्यांची परकी नावे. मणी बारीक, साल जाड, आत बिया. या घडांना रूप लागत नाही. साखर आणि आंबटपणा यांचे प्रमाण जुळले की ते प्लास्टिकच्या पेट्यांत टाकून थेट कारखान्याकडे रवाना होतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्ही मळे सारखेच वाटतील. मात्र दोन्ही मळ्यांच्या मालकांचे नशीब सारखे नसते. खाण्याच्या द्राक्षांना तीन वाटा मोकळ्या असतात : देशातील बाजार, परदेशची निर्यात आणि यांपैकी काहीच न साधल्यास बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला एकच दार असते, ते वायनरीचे. ते मिटले की बाजारात त्या द्राक्षाला कोणी विचारत नाही; बियांमुळे त्याचा चांगला बेदाणाही होत नाही.

नाशिकमधील छोट्या वायनरींचे पुढे काय होणार, या प्रश्नाचा विचार या एका दारापासूनच सुरू करावा लागतो. तसा विचार केला, तर हा प्रश्न चार हौशी श्रीमंतांच्या आवडीनिवडीचा राहत नाही. खरेदीदार अनेक असतील, तर शेतकऱ्याला भावाविषयी चार शब्द बोलता येतात. खरेदीदार एकदोनच उरले, तर त्याला मिळेल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो. मग तो खरेदीदार कितीही सज्जन असो.

धोरणाने जन्मलेला धंदा

नाशिकला आज देशाची 'वाइनची राजधानी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. या लौकिकाचे मोठे श्रेय सुला विनियार्ड्स या कंपनीला द्यावे लागते. अमेरिकेत शिकून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. त्यापूर्वीही प्रयत्न झाले नव्हते असे नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फेसाळ वाइन तयार करून ती परदेशी धाडली होती. परंतु जिल्ह्याच्या शेतीत वाइन हा एक धंदा म्हणून रुजला तो २००१ नंतर.

त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, परवाने सुलभ झाले, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. शेतमालावर गावातच प्रक्रिया व्हावी, हा त्यामागचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. त्याचा परिणामही झपाट्याने दिसला. द्राक्षबागायतदार, डॉक्टर, वकील, व्यापारी असे नाना प्रकारचे लोक बँकांची कर्जे काढून वायनरीचे मालक झाले. पाहता पाहता राज्यातील वायनरींची संख्या अनेक दहांच्या घरात गेली आणि त्यांतील बहुसंख्य नाशिक जिल्ह्यात होत्या. त्यांच्या भरवशावर शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींची लागवड केली. वेल लावल्यापासून चांगले पीक हाती येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. म्हणजे २००५-०६ साली ज्याने वेल लावला, त्याचे पीक नेमके २००८-०९च्या हंगामात तोडणीस आले.

तो हंगाम दुर्दैवी ठरला. २००८ साली जगभर मंदीचे सावट पसरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. वाइनचा खप मुख्यतः मोठ्या शहरांतील हॉटेलांवर आणि परदेशी प्रवाशांवर अवलंबून होता. तो एकाएकी कोसळला. टाक्या आधीच्याच हंगामाच्या मालाने भरलेल्या होत्या. नवी द्राक्षे घेऊन त्यांत ओतायची कुठे? अनेक छोट्या वायनरींनी तोंड फिरवले. कर्जे थकली, काही कारखान्यांना टाळी लागली. इंडेजसारखी जुनी, नावाजलेली कंपनीही त्या काळात कर्जाच्या भाराखाली मोडून पडली. शेतकऱ्यांनी मग काय केले? कोणी बागा उपटल्या. कोणी जमिनीतील खुंट राखून त्यावर खाण्याच्या जातींची कलमे केली. तीन वर्षांचे कष्ट आणि भांडवल एका हंगामात मातीमोल झाले. एका दाराच्या शेतीचा अर्थ त्या वर्षी निफाड-दिंडोरीला कळला.

जे उरले, त्यांचीही वाट सोपी राहिली नाही. २०१२ साली इगतपुरी तालुक्यातील सांजेगावची व्हॅली द व्हँ ही कंपनी आणि बंगळूरकडील ग्रोव्हर यांचे विलीनीकरण झाले. गंगापूर परिसरातील यॉर्क ही वायनरी २०२१ साली सुलाने घेतली आणि २०२४ साली एन. डी. वाइन्स ही दुसरी वायनरीही तिच्याकडे गेली. मधल्या काळात, २०२२च्या डिसेंबरमध्ये, सुलाचे भाग शेअर बाजारात नोंदले गेले. आज देशातील द्राक्षवाइनच्या बाजारपेठेचा निम्म्याहून अधिक वाटा या एकाच कंपनीकडे असल्याचे मानले जाते. यात कोणाचे काही चुकले असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या कंपनीने बाजारपेठ घडवली, तिला तिचा मोठा वाटा मिळणे स्वाभाविक आहे. धंद्यातील यशाला गुन्हा ठरवण्याची खोड महाराष्ट्राने लावून घेऊ नये. तथापि एकाच्या यशाने इतरांचे दार कायमचे बंद होत असेल, तर तिकडे डोळेझाक करणेही शहाणपणाचे नाही.

धाकटा का थकतो?

छोटी वायनरी मोठीच्या स्पर्धेत का टिकत नाही, याची कारणे गूढ नाहीत. बिअर वर्षभर कधीही करता येते. धान्य साठवून ठेवता येते आणि दोनतीन आठवड्यांत माल तयार होतो. म्हणूनच २००९ साली पुण्यात 'डूलाली'ने लहान भट्टीची बिअर सुरू केल्यानंतर पुणे-मुंबईत अशा भट्ट्यांचे पेव फुटले. जिथे बिअर तयार होते तिथेच ती पेल्यात ओतून विकायची, आणि आलेल्या पैशांतून पुढचा घाणा लावायचा, असा तो सुटसुटीत व्यवहार आहे. वाइनचे तसे नाही. द्राक्षे वर्षातून एकदाच, दोनतीन महिन्यांत येतात. त्याच काळात शेतकऱ्याला पैसे चुकते करावे लागतात. एक टन द्राक्षांपासून सुमारे ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. ती टाकीत मुरते, तांबडी असेल तर लाकडी पिंपांत वर्ष-वर्ष राहते. तोवर बाटल्या, बुचे, वीज आणि शीतकरण यांचा खर्च चालूच असतो आणि बँकेचे व्याज थांबत नाही. मोठी कंपनी हा काळ भांडवलाच्या जोरावर काढते. धाकट्याला तो श्वास कोंडून काढावा लागतो.

त्यावर कायद्याचे ओझे निराळेच. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने नाशिकची बाटली गोव्यात, कर्नाटकात किंवा दिल्लीत विकायची, तर प्रत्येक राज्यात निराळी नोंदणी, निराळे शुल्क, निराळे कागद लागतात. नोंदणी वाइनच्या प्रत्येक प्रकारासाठी आणि नावासाठी करावी लागते. ज्या कंपनीच्या एकेका नावाच्या लाखो बाटल्या विकल्या जातात, तिला हा खर्च बाटलीमागे पैशांत पडतो. जिने एखाद्या उत्तम हंगामात एका मळ्यातील द्राक्षांच्या हजारभर बाटल्या मोठ्या निगुतीने भरल्या, तिला मात्र चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला घालावा लागतो. वस्तुतः छोट्या वायनरीचे वैशिष्ट्य याच हजार बाटल्यांत असते. कायदा नेमक्या त्याच वैशिष्ट्यावर दंड बसवतो.

आता परदेशातून येणाऱ्या स्पर्धेचीही भर पडत आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. त्यापूर्वी वाइनवर १५० टक्के आयात जकात होती. करारानुसार पाच डॉलर वा त्याहून अधिक किमतीच्या बाटलीवरील जकात प्रथम १०० टक्क्यांवर आली आणि दहा वर्षांत ती ५० टक्क्यांवर यावयाची आहे. पंधरा डॉलर वा अधिक किमतीच्या बाटलीवर ती २५ टक्केच उरेल. हिशेब साधा आहे. पाच डॉलरची बाटली पूर्वी जकातीसह साडेबारा डॉलरना पडत असे. पुढे ती साडेसात डॉलरना पडेल. युरोपीय संघाशी चाललेल्या वाटाघाटींतही वाइनवरील जकात हा कळीचा विषय राहिला. स्वस्त परदेशी वाइनला या सवलती लागू नाहीत, असे यावर समाधान सांगितले जाते. पण स्वस्त माल हे मोठ्या उत्पादकाचे क्षेत्र आहे. छोट्या वायनरीला स्वस्ताईच्या शर्यतीत उतरणे परवडतच नाही. तिला मध्यम आणि वरच्या किमतीच्याच गिऱ्हाइकावर जगावे लागते. जकातीची भिंत नेमकी तिथेच उतरवली जात आहे. वरून परदेशी माल आणि खालून देशी मोठा उत्पादक, अशा कात्रीत धाकटा सापडला आहे.

बिअरपासून शिकण्याजोगे

या कात्रीतून सुटण्याचा मार्ग अन्यत्र सापडला आहे काय? वाइनच्या नव्हे, बिअरच्या इतिहासात त्याचे एक बोधप्रद उदाहरण मिळते. विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत अमेरिकेतील बिअरचा धंदा हळूहळू मूठभर प्रचंड कंपन्यांच्या हाती एकवटला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्या अवाढव्य देशात बिअरचे शंभराहूनही कमी कारखाने शिल्लक होते, आणि बहुतेकांची चव एकसारखी होती. आज तिथे नऊ हजारांवर कारखाने आहेत. त्यांतील बहुतेक छोटे, आपापल्या गावापुरते. ही किमया केवळ ग्राहकांच्या बदललेल्या आवडीने घडली, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य होय.

१९७६ साली अमेरिकन काँग्रेसने एक लहानशी दुरुस्ती केली. वर्षाला वीस लाख पिंपांहून कमी उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना पहिल्या साठ हजार पिंपांवर नऊ डॉलरऐवजी सातच डॉलर कर आकारायचा, असे ठरले. पुढे १९९१ साली सर्वसाधारण कर दुपटीने वाढून अठरा डॉलर झाला, तेव्हाही छोट्यांचा सात डॉलरचा दर तसाच राहिला. १९७८ साली घरगुती बिअर करण्यावरील बंदी उठवणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी सही केली, आणि हौशी कारागिरांतून नवे धंदेवाले निर्माण झाले. ब्रिटनने २००२ साली हाच मार्ग धरला. वर्षाला पाच हजार हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्यांचा कर निम्म्यावर आणला. या देशांनी स्पर्धा रद्द केली नाही, मोठ्यांवर निर्बंध घातले नाहीत, की छोट्यांना अनुदानाची भीक घातली नाही. धाकट्या पैलवानाला थोरल्याशी एकाच वजनगटात झुंजवू नये, एवढीच आखाड्याची रीत त्यांनी करआकारणीत आणली.

उलट, बाजारपेठ दोनतीन मोठ्यांच्या हाती गेली म्हणजे काय होते, याचा दाखला भारतातही आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने बिअरच्या मोठ्या कंपन्यांनी संगनमताने किमती ठरवल्याचा निष्कर्ष काढून एकंदर ८७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्पर्धेचे गुणगान करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की स्पर्धक उरले तरच स्पर्धा उरते.

महाराष्ट्राच्या धोरणाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील उणीव स्पष्ट होते. शासनाने वाइनला सवलती दिल्या नाहीत असे नाही. त्या भरघोस दिल्या. उत्पादन शुल्काची सूट होतीच. पुढे विक्रीवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के वायनरीला परत देण्याची योजना आली. परंतु या सवलती सरसकट आहेत. जो अधिक बाटल्या विकतो, त्याला अधिक परतावा. जो कमी विकतो, त्याला कमी. म्हणजे बाजारात जे विषम प्रमाण आहे, तेच शासनाच्या तिजोरीतूनही पुढे चालते. शिवाय परतावा हा परतावाच. आधी कर भरायचा आणि मग शासनाच्या सवडीची वाट पाहायची. ज्याची तिजोरी भरलेली आहे तो वाट पाहू शकतो. ज्याच्या दारात द्राक्षवाला शेतकरी पैशांसाठी उभा आहे, त्याला ती चैन परवडत नाही.

फळीवर की मळ्यावर?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फूट वा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास अनुमती दिली, तेव्हा त्यावर मोठे वादळ उठले. 'शेतकऱ्यांच्या हितासाठी' हा निर्णय असल्याचे शासनाने सांगितले. विरोधी पक्ष तुटून पडला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकार बदलले आणि निर्णय अमलात आलाच नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले गेले, पण एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही : सुपरमार्केटच्या फळीवर जागा कोणाला मिळाली असती? ज्याचा माल बारमाही, एकसारखा आणि मुबलक असतो, ज्याचे विक्रेते दुकानोदुकानी फिरतात आणि ज्याला उधारीवर माल ठेवणे परवडते, त्यालाच. विंचूरच्या वा कादवाकाठच्या एखाद्या छोट्या वायनरीची बाटली त्या गर्दीत क्वचितच दिसली असती. शेतकऱ्याचे नाव पुढे करून घेतलेल्या त्या निर्णयाचा मोठा लाभ मोठ्यांनाच झाला असता.

त्या वादाची दुसरी बाजूही नीट समजून घ्यायला हवी. वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतमालच होय, असा युक्तिवाद तेव्हा जोराने केला गेला. तो टिकणारा नाही. वाइनमध्ये शेकडा १२ ते १४ इतके अल्कोहोल असते. ते बिअरहून अधिक आहे. गहू-तांदळाच्या पोत्यांशेजारी, जिथे मुले आईचा हात धरून येतात तिथे, मद्याची बाटली असू नये असे ज्या शिक्षकांना आणि गृहिणींना वाटले, त्यांना मागासलेले ठरवणे हा उद्धटपणा होता. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे महाराष्ट्राने पाहिली आहेत, आणि ती पाहणाऱ्यांत बायकांचे डोळे अधिक होते. छोट्या वायनरींची बाजू मांडणाऱ्यांनी हे सत्य लपवून आपली बाजू बळकट होईल असे समजू नये.

मात्र शासनाच्या नीतिमत्तेविषयीही बोलले पाहिजे. मद्याचा सारा कारभार ज्या कायद्याखाली चालतो, तो मूळचा १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा. राज्यघटनेचे ४७ वे कलम दारूबंदीचे ध्येय सांगते. आणि त्याच कायद्याच्या आधारे वसूल होणाऱ्या महसुलावर राज्याचा संसार बराचसा चालतो. २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी येते आणि २०२१ साली ती उठते. बंदीचे नाव आणि विक्रीचे काम अशा दुटप्पी व्यवहारात धोरण कधी सरळ चालत नाही. मद्य असणारच असेल, तर ते कोठे विकले जावे, कोणी विकावे आणि त्यातून कोणाचे पोट भरावे, हे उघडपणे ठरवणे अधिक प्रामाणिक होय.

या दोन्ही आक्षेपांतून, नैतिक आणि आर्थिक, एकच उत्तर निघते, आणि ते छोट्या वायनरीच्या हिताचे आहे. तिची बाटली मुख्यतः तिच्याच मळ्याच्या दारात विकली जावी. शहरातील किराण्याच्या फळीवर तिचा टिकाव लागत नाही आणि समाजालाही ती तिथे नको आहे. मळ्यावर येणारा ग्राहक जाणूनबुजून येतो. तो भाव विचारतो तसे गावाचे नावही विचारतो. वेल पाहतो, टाकी पाहतो, करणाऱ्याशी बोलतो. मधल्या दलालाचा आणि दुकानदाराचा वाटा वाचतो आणि पैसा त्याच दिवशी हाती येतो. सुलाने २००५ साली आपल्या मळ्यात वाइन चाखण्याचे दालन उघडले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. आज नाशिकचे वाइन पर्यटन त्याच पायावर उभे आहे. ऑस्ट्रेलियाची बाटली कितीही स्वस्त झाली, तरी दिंडोरीच्या मळ्यातील संध्याकाळ तिच्याबरोबर आयात होऊ शकत नाही. धाकट्याजवळ असलेले हे एकमेव भांडवल आहे, आणि धोरण त्याभोवती आखले गेले पाहिजे.

करावयाच्या चार गोष्टी

त्यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. पहिली गोष्ट, शुल्क आणि परतावा यांची चढती श्रेणी. वर्षाकाठी ठरावीक लिटरांपर्यंतच्या उत्पादनावर परवाना व नोंदणी शुल्क नाममात्र असावे, आणि मूल्यवर्धित कर आधी घेऊन नंतर परत करण्याऐवजी त्या मर्यादेपर्यंत तो कमीच आकारला जावा. आज सरसकट परताव्यावर जी रक्कम खर्च होते, तिचीच फेरवाटणी केली, तर तिजोरीवर नवा भार पडण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट, मळ्यावरील विक्रीचे नियम सुटसुटीत करावेत, आणि पाचदहा छोट्या वायनरींना मिळून एकाच परवान्यावर सामाईक विक्रीकेंद्र चालवता यावे. तिसरी गोष्ट, विंचूरसारख्या उद्यानांत भूखंड देऊन शासनाने आपले कर्तव्य संपले असे मानू नये. बाटल्या भरण्याचे यंत्र, प्रयोगशाळा, थंड गोदाम या सोयी प्रत्येकाने कर्ज काढून स्वतंत्रपणे उभारणे हाच २००८ मधील अनेकांच्या नाशाचा एक पाया होता. त्या सामाईक असाव्यात. एकत्र येण्याची विद्या नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना नवी नाही. निर्यातीसाठी १९९१ साली 'महाग्रेप्स' उभी राहिली. मोहाडीची 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची कंपनी आज सर्वश्रुत आहे. खाण्याच्या द्राक्षांना जे साधले, ते वाइनच्या द्राक्षांना साधू नये असे काही नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेतकऱ्याशी होणारा करार लेखी, अनेक वर्षांचा आणि किमान भावाचा असावा. आणि जी वायनरी असा करार पाळील, तिलाच सवलत मिळावी. मग ती लहान असो की मोठी. सवलतीचे समर्थन जर शेतकऱ्याच्या नावाने करायचे, तर सवलतीची अटही शेतकऱ्याच्याच हिताची असली पाहिजे. अन्यथा 'शेतकऱ्यांचे हित' हे शब्द बाटलीवरील चिठ्ठीसारखे केवळ शोभेपुरते उरतील.

छोट्या वायनरीवाल्यांनीही आपल्या दोषांकडे पाठ फिरवू नये. २००१ नंतरच्या लाटेत सवलत आहे म्हणून धंद्यात उतरलेले अनेक जण होते. वाइन करण्याची विद्या, स्वच्छतेची शिस्त आणि धीर यांपैकी काहीही त्यांच्याजवळ नव्हते. आंबूस, बिघडलेली बाटली एकदा ज्याने चाखली, तो ग्राहक त्या एका वायनरीवरच नव्हे, साऱ्या नाशिकच्या नावावर फुली मारतो. भौगोलिक मानांकन ही मिरवण्याची पदवी नाही. ती एक जबाबदारी आहे. बाटलीवर नाशिकचे नाव असेल, तर आत नाशिकचेच द्राक्ष आहे आणि ते निर्दोष आहे, याची हमी परस्परांवर नजर ठेवून छोट्यांनीच द्यायला हवी. धाकटेपणाला समाज सहानुभूती देईल. निष्काळजीपणाला देणार नाही.

काही जण विचारतील, की जिल्ह्याच्या एकंदर द्राक्षशेतीत वाइनच्या द्राक्षांचा वाटा किरकोळ असताना एवढी चर्चा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण या किरकोळ वाट्यात एका मोठ्या प्रश्नाचे प्रतिबिंब दिसते. शासन एखादे पीक घ्यायला सांगते, सवलती जाहीर होतात, शेतकरी वेल लावतो, आणि तीन वर्षांनी बाजार बदललेला असतो. उसाने, कांद्याने आणि कापसाने हा अनुभव निरनिराळ्या रूपांत दिला आहे. प्रक्रिया उद्योगाचे अनेक छोटे कारखाने गावात असणे हाच त्यावरील एक उतारा आहे, असे गेली कित्येक वर्षे सांगितले जाते. तो उतारा मोठ्या बाजारपेठेतही टिकतो का, याची परीक्षा नाशिकच्या वायनरींत चालली आहे. ती फसली, तर संत्र्याच्या, डाळिंबाच्या आणि काजूच्या प्रक्रियेची स्वप्ने पाहणाऱ्यांनीही त्यातून काय तो बोध घ्यावा.

येत्या जानेवारीत पुन्हा दोन तोडण्या सुरू होतील. खाण्याची द्राक्षे आपापल्या तीन वाटांनी निघून जातील. दुसऱ्या मळ्यातील शेतकरी पेट्या ट्रॅक्टरवर चढवून एका दिशेने निघेल. त्या रस्त्यावर त्याला एकच दार लागावे की अनेक, हा निर्णय बाजारावर सोपवून मोकळे होता येणार नाही. कारण जे दार आज उघडे दिसते, तेही मुळात एका सरकारी कागदानेच उघडलेले आहे.